डाव्या हाताची डाळ

आत्मकथन लिहायचं तर केस पिकलेले हवेत, असं आमच्या संघटनेतले जुने लोक मला हसून सांगतात. माझे पिकलेले नाहीत. मला अजून पाहुणे बघायला येतात आणि मी पोह्यांच्या बशा नेऊन ठेवते. पण म्हातारपणापर्यंत थांबले तर यातलं बरंचसं मऊ होईल, आणि मला ते मऊ झालेलं नको आहे. नांदेडात बसून मी पत्रकं लिहिते: होस्टेलचं पाणी, बसचा पास, परीक्षेची फी. पत्रकाचं एक बरं असतं. चार ओळी अन्याय, दोन ओळी मागणी, खाली मोर्चाची वेळ आणि ठिकाण. आईच्या त्या दिवाळीचं पत्रक मी कितीदा तरी लिहायला घेतलं. अन्यायाच्या ओळी होतात. मागणीपाशी येऊन पेन थांबतं. म्हणून ते इथे, लांबण लावून लिहिते.

तेव्हा आम्ही लातूरला डाळ मिलांच्या मागच्या गल्लीत राहायचो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे न्हाणीची फरशी, आणि फरशीवर दिवसभर तुरीची पिवळी भुकटी. वाळत घातलेल्या ओढणीवर भुकटी, पाण्याच्या घागरीच्या गळ्यावर भुकटी, बाबांच्या ऑटोच्या टपावर भुकटी. मिलीतल्या चाळण्यांचा खडखडाट इतका अंगवळणी पडला होता की लाइट जाऊन तो थांबला की तान्ही पोरं दचकून रडायची. आई शेजारच्या मिलीत डाळ निवडायला जायची. तिचं माहेर देगलूरकडचं, लहानपणी आकडे ती तेलुगूतून शिकलेली, म्हणून काहीही मोजताना तिच्या ओठांवर ओकटी, रेंडू, मूडू यायचं आणि बाबा तिला चिडवायचे की आमच्या घरात हिशेब परराज्यात होतो. ती चौथीपर्यंत शाळेत गेली होती. त्यानंतर ती काय शिकली हे कुणी कधी विचारलं नाही.

मिलीचे मालक आप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. मिल लहान होती, मोठ्या मिलांत जे केव्हाचंच आलेलं होतं ते आप्पांकडे शेवटी यायचं. निवडणीच्या शेडमध्ये बाया पोत्यांवर ओळीने बसायच्या, पुढ्यात डाळीचा ढीग. डोळ्याने बघून हाताने उचलायचं असं ते काम नव्हतंच. हात आपोआप चालायचे, चांगली डाळ उजवीकडे, डागी, काळी, तुटकी डावीकडे, आणि तोंडं बोलत असायची. सुना, नवरे, कुणाची गाय आटली, कुणाच्या पोराने क्लास बुडवला. संध्याकाळी उजवीकडचा माल पोत्यात भरून जायचा. डावीकडचा बायांचा. त्यातले खडे काढून बाया तो पदरात वाटून घ्यायच्या, आणि त्याला ओटी म्हणायच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं, आप्पांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं वरण त्या ओटीचं. रंगाला जरा काळपट, शिजायला हट्टी, आणि वर लसणाची फोडणी पडली की भाकरी कुस्करून खायला दुसरं काही नको वाटायचं. लातूरच्या बाजारातली पिवळीधमक डाळ मी पहिल्यांदा खाल्ली ती एका लग्नात, आणि मला ती बेचव लागली.

आता यातली एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बायांचा डावा हात उदार होता. एखाद्या डाळीवर नखाएवढा डाग असला, कड जराशी उडालेली असली, तरी ती डावीकडे जायची. सण जवळ आला की आणखी जायची. कुणी कुणाला सांगत नव्हतं. नवी सून कामाला बसली की शेजारणीच्या हाताकडे बघून शिकायची, आणि शिकायची तेच शिकायची. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा. भर उन्हाळ्यात रोज पत्र्याखाली बसवून जी मजुरी दिली जायची तिला काय म्हणायचं ते आधी ठरवा, मग आपण बोलू.

शाळेत त्या वर्षी संगणकाला शेख मॅडम आल्या. मूळच्या नांदेडच्या, तासिकेवर नेमलेल्या, रोज स्कूटीवर डबा लटकवून यायच्या. आमच्या शाळेत छोट्या संगणकी पाट्यांची एक पेटी कुठल्या तरी योजनेतून आली होती, आणि आल्या दिवसापासून कपाटात होती. हे मी नंतर इतक्या शाळांत पाहिलं आहे की मला आता कपाटाची किल्ली दिसली तरी संताप येतो. वस्तू खराब होईल म्हणून पोरांना द्यायची नाही, आणि तपासणी आली की टेबलावर मांडायची. फळ्यावर प्रोग्राम लिहायचा, पोरांनी तो वहीत उतरवायचा, परीक्षेत परत लिहायचा, आणि दिवा काही कधी लागायचा नाही. शेख मॅडमनी मुख्याध्यापकांशी वाद घातला नाही. त्यांनी शिपायाकडून किल्ली घेतली, पेटी वर्गात आणली आणि एकेक पाटी आमच्या तळहातावर ठेवली. तळहाताएवढीच होती. पुढे दिव्यांचे ठिपके, दोन बटणं, उजेड ओळखणारा एक डोळा. मोबाईलवर शब्दांचे ठोकळे जुळवायचे, जर आणि तर, आणि पाटीला पाठवायचे. माझ्या पाटीवर पहिल्यांदा बदाम उमटला तेव्हा मी तो हाताने झाकून घेतला, विझेल म्हणून.

मॅडम व्याख्या सांगत नव्हत्या. त्या म्हणायच्या, ये पाटी लई येडी है, इसको जो बोलोगे वहीच करेगी, तुमच्या मनातलं करणार नाही. आपले हात काय करतात ते आधी बघा, मग तसंच तिला सांगा. दिवाळीच्या सुट्टीला त्यांनी ज्यांच्या घरी मोबाईल होता त्यांना एकेक पाटी घरी नेऊ दिली आणि एकच काम दिलं: ज्याने कधी संगणकाला हात लावला नाही अशा एका माणसाला शिकवायचं. मुख्याध्यापकांना हे ठाऊक नव्हतं. शाळेत असल्या चांगल्या गोष्टी बहुतेक अशाच होतात.

त्याच दिवाळीला आप्पांनी मिठाईच्या पुड्याबरोबर बायांना सांगितलं होतं की शेडमध्ये कलर मशीन बसलं आहे. वरून डाळ ओतायची, आत कॅमेरे असतात, काळा दाणा दिसला की हवेच्या फुंकरीने तो बाजूला उडतो. दिवाळीनंतर निवडायला कुणी लागणार नाही. मशीनपाशी उभं राहायला एक माणूस लागेल, तेवढंच. बाया पुडे घेऊन घरी आल्या. रडारड झाली नाही. रुक्मिणमावशी, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आईच्या शेजारच्या पोत्यावर बसणारी, तिने पुडा उघडून बघितला आणि म्हणाली की म्हैसूरपाक आहे, दातांचं बघून द्यायचं होतं.

मी आईला शिकवायचं ठरवलं ते काही फार विचार करून नाही. बाबा दिवसभर ऑटोवर, घरात मोठं माणूस तेवढंच. चकल्या तळून झाल्या होत्या, ती भिंतीला टेकून बसली होती आणि हात रिकामे होते. ते हात रिकामे मी आधी कधी पाहिले नव्हते. ते मांडीवर पडल्या पडल्या हलत होते, उजवीकडे, डावीकडे. मी पाटी तिच्या पुढ्यात धरली. तिने आधी पदराला हात पुसले.

पहिल्या दिवशी तिने नुसता बदाम लावला आणि विझवला. मग रुक्मिणमावशीला बोलावून लावून दाखवला. मावशी म्हणाली, या वयात बदाम पाठवून राहिली का गं कुणाला, आणि दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला उजेडाचा डोळा दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं, आकडा उतरला. बोट काढलं, चढला. ती तो तेलुगूत वाचत होती. मग तीच म्हणाली की मशीन बी असंच बघत असंल. आम्ही चपलांच्या खोक्याला भोक पाडलं, भोकावर पाटीचा डोळा ठेवला, आत बॅटरीचा उजेड लावला, आणि भोकाखाली पांढऱ्या बशीत डाळ धरली. चांगली डाळ धरली की आकडा वर, डागी धरली की खाली. जर आकडा याच्याखाली गेला तर फुली दाखव, नाही तर बरोबरची खूण. हे वाक्य तिनेच मांडलं. मी फक्त ठोकळे सरकवले.

"याच्याखाली म्हंजे कशाच्या? ह्यो आकडा कोण ठरवतं?"

मी म्हणाले, तू ठरव. तुझे हात काय करतात ते बघ आणि तसंच पाटीला सांग.

ती उठून डबे घेऊन आली. मग ओटीची थोडी डाळ आणि डब्यातली थोडी चांगली डाळ मिसळून तिने परातीत घेतली, शेडमधल्यासारखी सवयीने निवडली, आणि दोन ढिगांतल्या मुठी एकेक करून बशीत धरल्या. पाटीची फुली आणि तिचा डावा ढीग जुळेपर्यंत ती माझ्याकडून आकडा हलवून घेत राहिली. एक वर. अजून एक. आता बघ. मोठ्या कॉलेजांत मी नंतर पोरं पाहिली, ती एकदा चाललं की उठून जातात. आई उठली नाही. तिला एकदा चाललेलं नको होतं. सुट्टी संपत आली तोवर ती ठोकळे स्वतः सरकवत होती आणि गल्लीतल्या चार-दोन बाया आमच्या फरशीवर बसून एकमेकींना जर-तर सांगत होत्या. एकीने बादली भरली की दिवा लागेल असं करून मागितलं. एकीने नवरा दारात आला की फुली दाखव म्हणून सांगितलं.

हे बायांनीच काढलं की मशीनपाशी सुमनने उभं राहावं. सुमन म्हणजे आई. मजुरी तर सगळ्यांची गेलीच होती. पण सुमन तिथे असली तर डावीकडचा माल बायांना मिळत राहील, ओटी बुडणार नाही. आई भाऊबिजेनंतर आप्पांकडे गेली. मी सोबत होते. तिने सांगितलं की मशीनला आकडा कसा द्यायचा हे मला येतं. आप्पा हसले, मग त्यांनी तिला दोन-तीन प्रश्न विचारले, मग हसायचे थांबले. म्हणाले की सुमनबाई, बायामाणसाला मी मशीनवर उभं केलेलं न्हाई कधी, पण उद्या या, बघू. आप्पा वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात असं वाक्य घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड झाडून स्वच्छ केलेलं होतं. पोती उचललेली होती. जिथे बाया बसायच्या तिथे फरशीवर त्यांच्या बसण्याचे गुळगुळीत डाग तेवढे दिसत होते आणि मध्ये मशीन, कपाटाएवढं, त्याच्या पोटाला काच, काचेवर आकडे. कंपनीचा माणूस हिंदी बोलणारा होता, गळ्यात पट्टा, घाईत. त्याने आईला कमी-जास्त कुठून होतं ते दाखवलं. इंग्रजी अक्षरं मी वाचून सांगितली. बाकी मी हात लावला नाही. आईने पदरातून एक गाठोडं सोडलं. घरून ती स्वतः निवडलेली डाळ घेऊन आली होती, दोन पुरचुंड्यांत, उजवी आणि डावी. थोडा माल मशीनमधून काढायचा, बाजूला उडालेली डाळ तळहातावर घ्यायची, आपल्या डाव्या पुरचुंडीशी ताडून बघायची, आकडा हलवायचा, परत काढायचा. कंपनीचा माणूस आधी मोबाईल बघत होता, मग तिच्याकडे बघायला लागला. शेवटी आईने दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरले. एकीकडे तिची डागी, एकीकडे मशीनची. मला फरक सांगता आला नसता. ती म्हणाली की आता चालू करा, आणि मशीन चालू झालं.

बाया दोन ढिगांच्या मध्ये बसायच्या तेव्हा डावीकडचा ढीग पसरट असायचा, पदरात वाटला जायचा, दिसायचा नाही. मशीनच्या डाव्या तोंडाला पोतं बांधलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधीच ते भरलं. हमालाने दुसरं बांधलं. आप्पा तोवर पुढच्या ऑफिसात गादीवर होते. ते आले, पहिलं पोतं त्यांनी सोडायला लावलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर डाळ उजेडात नेऊन बघितली. मग उजवीकडचा माल बघितला. तो इतका स्वच्छ होता की मोठ्या मिलांनी विचारायला यावं. ते खूप वेळ दोन्ही मुठींकडे बघत राहिले. त्यांना काय समजलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं: इतक्या वर्षांचं, वडिलांच्या वेळेपासूनचं, सगळं एकदम समजलं होतं. थोडंफार जातं हे त्यांना ठाऊक असणारच. मशीनने त्याचं पोतं करून समोर उभं केलं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी कंपनीच्या माणसाला चहाला पाठवलं. मग आईजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले,

"सुमनबाई, आकडा चुकून पडला असंल. नवं काम हाय, होतं असं. चुकून पडला म्हणा, आन उद्यापासून कंपनीवाला लावून देईल त्या आकड्यावर उभ्या ऱ्हावा."

मी आईकडे बघितलं. म्हण, म्हण, असं माझ्या मनात चाललं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं. काम तिचं होतं, पगार ठरल्यासारखा होता, आप्पांनी स्वतः दार उघडून धरलं होतं.

"चुकून न्हाई पडला, आप्पा," आई म्हणाली. "बगून लावलाय. ताडून घेतलाय. तुमच्या शेडात आमी असंच निवडतो."

"असंच?"

"हाव. असंच."

आप्पांनी दोन्ही मुठी पोत्यात सोडल्या, हात झटकले. मग एवढंच म्हणाले की मग तुम्ही जावा आता घरी. आईने पुरचुंड्या बांधल्या. आप्पांनी कंपनीच्या माणसाला बोलावून आकडा बदलून घेतला आणि डावीकडचं पोतं हमालाला परत वरून ओतायला सांगितलं. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा ते सगळं पुन्हा मशीनमधून जात असल्याचा आवाज येत होता.

मला तेव्हा काही वाटलं नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. तुझ्यातली कार्यकर्ती त्या दिवशी जन्मली असेल, असं मला भाषणाआधी ओळख करून देणारे विचारतात. कुणी जन्मलं नाही. ऊन होतं, पायाखाली भुकटी होती, आई पुढे चालत होती आणि मी तिच्या टाचांकडे बघत होते. आजही लिहिताना मला आत काही हलत नाही. याच्या निम्म्या अन्यायावर मी पत्रकात ठळक अक्षरं वापरते. मी तिला चुकीचं शिकवलं का, हा प्रश्नही मला विचारून झाला आहे, आणि त्याचं उत्तर नाही असंच आहे. जे शिकवायचं ते मी शिकवलं, तिने ते माझ्यापेक्षा चांगलं उचललं. चांगली कुठली आणि डागी कुठली हे ठरवणारा आकडा कुणाच्या हातात असावा, हा प्रश्न ना माझ्या वर्गात होता ना कंपनीच्या माणसाकडे. तो आईने मात्र दुसऱ्याच दिवशी विचारला होता, आणि मी किती सहज म्हणाले होते, तू ठरव.

गल्लीत बाया फरशीवर थांबल्या होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती, हमालाची बायको तिथेच राहायची आणि त्याने तिला फोन केला होता. आपली ओटी गेली हे त्यांना कळलं होतं. आता आप्पा डावीकडचं एकेक पोतं मोजणार, आणि उरलंसुरलं ढोरांच्या पेंडीला विकणार, हेही कळलं होतं. कुणी आईला शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. कोपऱ्यातल्या एकीने विचारलं की बटण चुकीचं दाबलं गेलं का गं, आणि तिच्या आवाजात अशी आशा होती की आईने हो म्हटलं असतं तर सगळ्या घरी जाऊन निवांत झाल्या असत्या. आई न्हाणीपाशी पायांवर पाणी घेत होती. म्हणाली की काय बी चुकलं न्हाई, मशीन बराबर चाललं.

रुक्मिणमावशी भिंतीला टेकून उभी होती. ती आईच्या शेजारच्या पोत्यावर बसून म्हातारी होत आली होती, आई तिच्याच हाताकडे बघून काम शिकलेली होती.

"मग जरा कमी सांगायचं होतंस की, सुमे, मशीनला," ती म्हणाली. "तेवढ्यानं काय झालं असतं?"

"काम ऱ्हायलं असतं," आई म्हणाली. तिने तांब्या उपडा ठेवला. "पर ते आपलं निवडणं नसतं झालं, मावशी."

मावशीने मान हलवली. पटलं म्हणून की नाही, ते मला कळलं नाही. मग नळाला पाणी आल्याचं कुणीतरी सांगितलं आणि बाया आपापल्या घागरी उचलून गेल्या.